वजनकाटा आणि बळ: उतारवयातल्या देहाची थोडी चिकित्सा



आजचा विषय आम्ही मागून घेतला. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक म्हटल्यावर संयोजकांची अपेक्षा होती की आम्ही ‘वार्धक्य आणि अध्यात्म’ यावर बोलावं. आम्ही म्हटलं, ‘वार्धक्य आणि मांड्या’ यावर बोलतो. (हशा) हसा, पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या मतांवर जितकं अवलंबून असतं, त्याहून जास्त त्याच्या मांड्यांवर असतं. स्वतःच्या पायांनी संडासला जाता येणं, केएमटीच्या बसची पायरी चढता येणं, जमिनीवर बसलो तर कुणाचा हात न धरता उठता येणं. हे गेलं की बाकीची स्वातंत्र्यं कागदावर उरतात.

आम्ही वैद्य नाही, डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. त्यामुळे औषध सांगणार नाही. आमचं काम शब्द तपासण्याचं. उतारवयातल्या शरीराबद्दल आपण ज्या शब्दांत बोलतो त्यांत एक जुना घोटाळा आहे. तो सोडवायचा प्रयत्न करू.

सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींचं बोलणं ऐका. ‘वजन किती?’ ‘शुगर किती?’ ‘वरचं बीपी किती?’ सगळे प्रश्न ‘किती’चे. ‘खाली बसून हात न टेकता उठता येतं का?’ असं कुणी विचारत नाही. ‘किती आहे’ आणि ‘काय करता येतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर म्हणजे दुसऱ्याचं उत्तर असं आपण धरून चालतो. आमची सगळी तक्रार या धरून चालण्याबद्दल आहे.

आधी वजनकाट्याकडे पाहू. उंचीच्या मानाने वजन मोजायचं जे सूत्र आज प्रत्येक दवाखान्यात वापरतात, किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, ते एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी मांडलं. केतले डॉक्टर नव्हते. ते खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक होते आणि ‘सरासरी मनुष्य’ शोधत होते. पुढे १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. म्हणजे मुळात हे समूहाचं वर्णन करण्याचं साधन. ते एकेका माणसाच्या कपाळावर चिकटवलं की काय होतं, याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या पुण्याचा आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे सूत्राच्या दृष्टीने दोघं एकच. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा युडकिन यांचं ९.१ टक्के निघालं आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. स्वतःच्याच देहाचा असा पुरावा मांडायला मोकळं मन लागतं, ते त्यांच्यापाशी होतं. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये केलेल्या अभ्यासातून असंही दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगावर जे कमी असतं ते मुख्यतः मांस, चरबी त्या मानाने टिकून असते. वरून बारीक, आतून लठ्ठ. ही आपली जन्मापासूनची ठेवण असेल, तर सत्तराव्या वर्षी काट्यावर उभं राहून ‘आमचं वजन चाळिशीत होतं तेवढंच आहे’ असा अभिमान बाळगणाऱ्याने जरा थांबायला हवं.

वजन तेवढंच राहतं, पण आतली अदलाबदल काटा सांगत नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, साठीनंतर झिजेचा वेग वाढतो, आणि गेलेल्याची जागा बरेचदा चरबी घेते. दुकानाच्या वहीत बेरीज जुळते म्हणून माल तोच आहे असं होत नाही. उलट बाजूही पाहा. एखाद्या आजोबांनी जेवण तोडून तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरवलं की घरचे पेढे वाटतात. त्या सहा किलोंत चरबी किती आणि मांड्या किती, हे कुणी विचारत नाही. व्यायामाची जोड नसताना वजन उतरतं तेव्हा त्यात स्नायूंचाही वाटा असतो. तरुणाचा तो भरून निघतो, म्हाताऱ्याचा सहजी निघत नाही.

यावर आजची तरुण मुलं म्हणतात, ‘सर, आता मशीन आलंय, जिममध्ये उभं राहिलं की फॅट किती, मसल किती, सगळं सांगतं.’ सांगतं खरं. पण कसं सांगतं ते समजून घ्या. ते यंत्र शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून प्रवाह सहज जातो. चरबीत पाणी कमी, म्हणून अडतो. या अडथळ्यावरून यंत्र बाकीचा अंदाज बांधतं. पाणी कमी प्यायलात, पायावर सूज असली, की आकडा हलला. क्ष-किरणांची यंत्रं जास्त अचूक असतात. पण समजा, यंत्र शंभर टक्के खरं बोललं, तरी आमचा मूळ प्रश्न उरतोच. ते ‘स्नायू किती आहेत’ हे सांगेल. ‘त्या स्नायूंना काय करता येतं’ हे सांगणार नाही.

हा नुसता तत्त्वज्ञाचा कीस नाही. सत्तरीतल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून अमेरिकेत जी मोठी पाहणी झाली, तिच्यात असं दिसलं की पायातलं बळ कमी होण्याचा वेग स्नायू घटण्याच्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट होता. ज्यांचे स्नायू टिकले, त्यांचंही बळ टिकलंच असं नाही. कारण बळ हे नुसत्या मांसाचं नसतं. मेंदूकडून निघालेला हुकूम मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत किती लवकर आणि किती पुरता पोचतो, यावरही ते ठरतं.

वैद्यकालाही हे कळायला वेळ लागला. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला ‘सार्कोपीनिया’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मांसाची तूट. नावातच ‘किती’ आलं. त्यानंतर बरीच वर्षं शास्त्रज्ञ मांस मोजत बसले. २०१८ साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने आपली व्याख्या बदलली आणि म्हटलं, आधी बळ तपासा, मांस नंतर मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली आपल्याकडच्या लोकांसाठी सोपे निकष दिले. मुठीची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरली, तर बळ घटलं समजायचं. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा नेहमीच्या चालीने सेकंदाला एक मीटरही अंतर कापलं जात नसेल, तर पुढची तपासणी करून घ्यायची. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना घड्याळ आणि खुर्ची सोडून काही लागत नाही.

आता गंमत पाहा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याने रोग्याची परीक्षा कशी करावी, हे सांगताना एक इशारा दिला आहे. देह मोठा दिसतो म्हणून हा बलवान, देह लहान म्हणून हा दुबळा, असं वैद्याने समजू नये; कारण लहान आणि कृश माणसंही बलवान असतात, मुंगी नाही का स्वतःच्या मानाने केवढं ओझं वाहते? आणि पुढे म्हटलं आहे की माणसाची व्यायामशक्ती त्याच्या काम करण्याच्या शक्तीवरून तपासावी, बळाचं अनुमान कर्मावरून करावं.

‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं आम्हांला म्हणायचं नाही. चरकाला स्नायूंचा तंतू दिसत नव्हता की मज्जातंतूंचं काम माहीत नव्हतं. त्याच्याकडे होता तो प्रश्नांचा योग्य क्रम. बळ ही क्षमता आहे, आणि क्षमता वस्तूसारखी तोलता येत नाही, ती कृतीतच दिसते. ॲरिस्टॉटलनेही सामर्थ्य आणि प्रत्यक्ष कृती यांचं नातं असंच उलगडलं आहे. पोहता येतं का, हे पाण्यात कळतं. हात-पाय मोजून कळत नाही.

पूर्वजांचा विषय निघालाच आहे, तर त्यांची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायाम कुणी टाळावा याची यादी आहे. वात-पित्ताचे विकार असलेला, अजीर्ण झालेला, बालक, आणि वृद्ध. या एका शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या म्हाताऱ्यांना घरात बसवलं आहे. ‘या वयात कसला व्यायाम’ हे आपण म्हणतो, त्याला शास्त्राधार विचारला तर हा सापडतो. पण सुश्रुताने व्यायामाची स्तुती करताना असं म्हटलं आहे की व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी चाल करून येत नाही. आणि व्यायाम करताना वय, बळ, शरीर, देश, काळ, आहार हे सारं पाहून तो करावा. एकाने वृद्धाला वगळलं, दुसऱ्याने वयाचा विचार करून व्यायाम करायला सांगितलं.

मग खरं कोणाचं? वाग्भटाच्या मनात व्यायाम म्हणजे काय होतं ते पाहिलं पाहिजे. तो बलवानांसाठी, तूप-तेलाचा आहार घेणाऱ्यांसाठी, आणि तोही अर्ध्या शक्तीने करायला सांगितलेला आहे. म्हणजे डोळ्यांसमोर घाम काढणारा पहिलवानी व्यायाम आहे. तो म्हाताऱ्याला नको, हे समजण्यासारखं आहे. घोटाळा असा की पहिलवानी व्यायाम नको याचा अर्थ आपण व्यायामच नको असा घेतला. वाग्भटाची चूक असेल तर एवढीच की ‘कोणता’ हा प्रश्न त्याने विचारला नाही. सुश्रुताने तो विचारला.

आणि आता कोल्हापूरबद्दल बोलायलाच हवं. हे शहर बळाची पूजा करणारं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि खासबाग मैदान उभं केलं, १९१२ साली. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमी इथल्या. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे, त्यांच्या पाठोपाठ १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, दोघंही या मातीतले. या परंपरेचा आम्हांलाही अभिमान आहे. पण अभिमानाच्या वस्तूची चिकित्सा करू नये असा नियम नाही.

आमचा प्रश्न असा. आपल्या तालमीत बळ कशासाठी असतं? समोरच्याला चीत करण्यासाठी. बळ म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त बळ. ही व्याख्या मान्य केली की म्हातारपणी दोनच वाटा उरतात. एक, वस्ताद होऊन पोरांचे डाव पाहायचे. आंदळकरांनी मोतीबाग तालमीत अनेक मल्ल घडवले, आणि हे मोठंच काम. पण प्रत्येकाला वस्ताद होता येत नाही. दुसरी वाट म्हणजे जुने फोटो भिंतीवर लावून उसासे टाकायचे.

या दुसऱ्या वाटेची फार जुनी गोष्ट रोमच्या सिसेरोने सांगितली आहे. इसवी सनापूर्वी ४४ च्या सुमाराचा त्याचा वार्धक्यावरचा ग्रंथ. त्यात क्रोटोन गावच्या मायलो नावाच्या नामांकित मल्लाचा किस्सा येतो. म्हातारा झालेला मायलो तरुण मल्लांचा सराव पाहत होता, आपल्या दंडांकडे बघून रडला आणि म्हणाला, हे तर आता मेले. सिसेरो त्याच्यावर चिडतो. म्हणतो, मेलास तू, कारण तुझं मोठेपण तुझ्या बुद्धीत नव्हतंच, ते दंडांतच होतं.

तत्त्वज्ञान शिकवताना हा उतारा वर्गात टाळ्या मिळवून द्यायचा. पण नीट पाहिलं तर सिसेरो आणि मायलो यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. बळ म्हणजे आखाड्यातलं बळ, हे दोघांनाही मान्य. मायलो त्यासाठी रडतो आणि सिसेरो ते तुच्छ मानतो, एवढाच फरक. म्हाताऱ्याला खुर्चीवरून उठायला जे बळ लागतं, ते दोघांच्याही हिशेबात नाही. सिसेरोच्या न्यायासाठी हेही सांगू की त्याच ग्रंथात तो नव्वदीतल्या मासिनिस्सा राजाचं उदाहरण देतो, आणि व्यायाम व संयम यांनी म्हातारपणीही जुन्या बळाचा काही अंश टिकतो असं कबूल करतो. पण ‘काही अंश टिकतो’ म्हणजे शिल्लक. तारुण्यात मिळवलेली ठेव पुरवून पुरवून खायची. नवं कमावता येतं, असं त्याला वाटत नव्हतं.

इथे अलीकडच्या शास्त्राने सिसेरोलाही मागे टाकलं आहे. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या १० जणांना मांडीच्या व्यायामासाठी घेतलं. वयं ८६ ते ९६. आठवडे आठ. वजन उचलायचं तेही नावापुरतं नाही, ज्याच्या त्याच्या कमाल ताकदीच्या जवळ जाणारं, हळूहळू वाढवत नेलेलं. नऊ जणांनी पुरं केलं. त्यांच्या मांड्यांचं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं. मांडीच्या मध्यावरचा स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच वाढला. पुन्हा तेच पाहा, मांस थोडं वाढलं आणि बळ पुष्कळ. दोघांनी काठी सोडली. चार वर्षांनी त्याच गटाने १०० वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांचं बळ ११३ टक्क्यांनी वाढलं, चालण्याचा आणि जिना चढण्याचा जोर वाढला. ज्यांना नुसतं पोषक पेय दिलं, व्यायाम दिला नाही, त्यांच्या दुबळेपणात फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य प्रोटीनचे डबे विकत घेणाऱ्या आपल्या पिढीने भिंतीवर लिहून ठेवावं. अमेरिकेहून मुलगा डबा पाठवतो, आई-बाबा दुधात घालून पितात आणि सोफ्यावर बसतात. खुराक आधी आणि मेहनत नाही, हे कुठल्याही वस्तादाला चाललं नसतं. अर्थात खाणं नकोच असं नाही. आपल्या आयसीएमआरने २०२० साली प्रौढांसाठी रोज शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. उतारवयात १ ते १.२ ग्रॅम हवीत असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम झाली. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी आमटी-भात, रात्री ‘काही जड नको’ म्हणून दूध-भात, यातून ती भरत नाहीत. हे गाव धारोष्ण दुधाच्या कट्ट्यांचं, शेंगदाण्याचं, मटकीच्या उसळीचं, अंड्या-मटणाचं. पदार्थ घरात आहेत, पण म्हाताऱ्यांच्या ताटातून ते आपणच कमी केले. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत, हे बजावून सांगतो.

आखाड्यातलं बळ आणि सोफ्यावरचं म्हातारपण यांच्या मधली वाट आपल्याकडे कुणी दाखवलीच नाही का? दाखवली. शेजारच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, १८६८ चा जन्म, १९५१ साली वारले. त्यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, पुस्तकं लिहिली, शाळांत ते सुरू केले, आणि पुरुषांप्रमाणे स्त्रियांनीही, तरुणांप्रमाणे थोरांनीही ते घालावेत असं सांगत राहिले. त्यांच्या विचारातली आम्हांला मोलाची वाटणारी गोष्ट ही की या बळाला प्रतिस्पर्धी नाही. कुणाला पाडायचं नाही, रोज स्वतःला उचलायचं आहे. एक उणीवही दिसते. नमस्कारांत मोजली जाते ती संख्या. शंभर झाले, दोनशे झाले. पण स्नायूला संख्येपेक्षा वाढत्या भाराची भाषा जास्त कळते. आणि ज्याचे मनगट, गुडघे किंवा रक्तदाब साथ देत नाहीत, त्याला वाकून हात टेकणं झेपत नाही. त्याने खुर्चीवरून उठबस करावी, भिंतीला हात लावून जोर काढावेत, पाण्याची बाटली उचलावी, आणि जमू लागलं की भार वाढवावा. मूळ विचार औंधचाच, मात्रा आपली.

इथे एक सावधगिरी. २०१५ साली १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुठीची पकड दर पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त दिसला. ब्राझीलमध्ये २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांना जमिनीवर बसवून उठवलं. हात किंवा गुडघा टेकला की गुण कमी. कमी गुण मिळालेल्यांत पुढच्या काळात मृत्यू जास्त झाले. हे वाचून काहीजण दिवसभर रबरी चेंडू दाबत बसतात. मित्रहो, खूण आणि कारण यांत गल्लत करू नका. पकड ही सबंध शरीराच्या बळाची खूण आहे. तापमापी बर्फात बुडवल्याने ताप उतरत नाही.

आणखी एक समजूत तपासायला हवी. ‘जुनी माणसं कशी तगडी होती!’ कोणती जुनी माणसं? १९५१ च्या सुमारास आपल्या देशातलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. जी ऐंशीपर्यंत पोचली तीच आपल्याला दिसली, बाकीची फोटोतही नाहीत. शिवाय तालमीच्या परंपरेत बळ म्हटलं की आठवतात ते पुरुष. जातं ओढणारी, विहिरीवरून कळशी आणणारी, भारा डोक्यावर घेणारी बाई बलवान होती, पण तिच्या बळाला कुणी व्यायाम म्हटलं नाही, आणि त्या कष्टाने तिचा देह झिजलाही. आज मिक्सर आला, नळ आला, फार चांगलं झालं. पण बळ लागणारी कामं गेली आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. पुरुषाला निदान तालमीची आठवण आहे, बाईला तीही नाही. पाळी थांबल्यानंतर तिची हाडंही वेगाने विरळ होतात. घरात पाय घसरला, खुबा मोडला, आणि अंथरूण धरलं, ही कथा ऐकली नाही असं घर या सभागृहात क्वचितच असेल.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आपल्या घरांत म्हाताऱ्यांचं बळ कशाने जातं? आजाराने जातं, वयाने जातं, पण बरंचसं प्रेमाने जातं. ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते.’ ‘आई, तुम्ही उठू नका.’ ‘आजी, खाली कशाला बसता, खुर्ची घ्या.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, शंका नाही. आणि ऐकणाऱ्यालाही सुखावून जातं. आयुष्यभर राबलो, आता मुलं-सुना हातात आणून देतात, चारचौघांत सांगायला बरं वाटतं. पण स्नायूला माया कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आपली गरज उरली नाही. पाण्याचा तांब्या आणायला दिवसातून दहा वेळा उठणाऱ्या माणसाच्या दहा बैठका होतात. त्या आपण सेवेच्या नावाखाली काढून घेतो. पंगत गेली, डायनिंग टेबल आलं. ज्याचे गुडघे खरोखर गेलेत त्याची सोय झाली, पण ज्याचे चांगले होते त्याचीही सवय मोडली.

सेवा करू नका असं आम्ही म्हणत नाही. ज्याला उठवत नाही त्याला उठवायलाच हवं. पण जे त्याला जमतं ते त्याच्या हातून काढून घेणं ही सेवा नव्हे. आणि आपण म्हाताऱ्यांनीही या मानाचा हट्ट सोडला पाहिजे. मोठेपणा म्हणजे दुसऱ्याने पाणी आणून देणं, ही कल्पना आपल्याला फार महाग पडते.

कुणी म्हणेल, तत्त्वज्ञानाचा माणूस असून तुम्ही देहाचंच एवढं काय घेऊन बसलात? देह जायचाच आहे. जायचा आहे, मान्य. आम्ही अमर व्हायला सांगत नाही. वृद्धाश्रमातल्या माणसाने काठी सोडली म्हणून तो मृत्यूपासून सुटला नाही. पण मरेपर्यंत जगायचं आहे, आणि ते जगणं दुसऱ्याच्या सवडीवर टांगलेलं असेल की आपल्या पायांवर, हा फरक क्षुल्लक नाही. विरक्ती ही ज्याच्याकडे काही आहे त्याची. उठता येत नाही म्हणून बसून राहणं याला विरक्ती म्हणत नाहीत.

शेवटी एक सूचना, या शहराला. आपल्या तालमी पहाटे आणि संध्याकाळी गजबजतात. दुपारी जागा मोकळी असते. गावात जुने मल्ल आहेत, व्यायाम शिकवणारे आहेत, फिजिओथेरपी शिकलेली तरुण मुलं-मुली आहेत. आठवड्यातून दोन दुपारी साठीपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी एक तालीम उघडता येणार नाही? लाल मातीत उतरायची गरज नाही. भिंतीशी खुर्च्या मांडा, हलके मुद्गल ठेवा, आणि जमिनीवरून उठायचं कसं ते पुन्हा शिकवा. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाकीच्यांनी यावं. शाहू महाराजांनी तरुणांच्या बळासाठी मैदान बांधलं. म्हाताऱ्यांच्या बळासाठी नवं काही बांधायचीही गरज नाही, आहे तेच दार दुपारी उघडायचं आहे.

आणि उद्या रंकाळ्यावर भेटाल तेव्हा एकमेकांना वजन विचारू नका. ‘कुणाचा हात न धरता उठता का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर हसू नका, आणि घाबरूही नका. नव्वदीत ते बदलता येतं, सत्तरी तर अजून हातात आहे.

इतकं बोलून आम्ही थांबतो. आभार मानायला अध्यक्ष उभे राहतीलच, तेव्हा आपणही सगळे उठू या. जमेल त्यांनी खुर्चीचा हात न धरता. (हशा, टाळ्या)